पडद्याची आठवण

अमेरिकेतल्या जुन्या घरांच्या माळ्यावर अजूनही कधीतरी लाकडी पट्ट्यांची एक मोळी सापडते. पट्ट्या मधोमध बिजागरीवर दुमडलेल्या, कोपरे आवळायला स्क्रू आणि कडेने साधारण इंचाइंचावर उभ्या बारीक टाचण्या. पाहणाऱ्याला वाटावं, हे कुणाला तरी छळण्याचं साधन आहे. प्रत्यक्षात ती लेसचे पडदे ताणून वाळवायची चौकट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्या महायुद्धाच्या पुढेमागेपर्यंत ती घरोघरी होती. सिअर्ससारख्या कंपन्यांच्या कॅटलॉगमधून मागवली की घरपोच यायची.

तिची गरज पाण्यामुळे पडे. सुती लेस भिजली की सूत फुगतं, लांबीला आखडतं आणि कोळशाच्या धुराने काळवंडलेला तो डौलदार पडदा बादलीतून बाहेर येतो तो बोळा होऊन. म्हणून शहाणी गृहिणी पडदा धुण्याआधी त्याची लांबी-रुंदी मोजून ठेवी. मग तो भिजवायचा, न चोळता दाबून दाबून मळ काढायचा, खळीत बुडवायचा. चौकटीच्या पट्ट्यांवर इंचांचे आकडे छापलेले असत. आधी घेतलेल्या मापावर त्या पक्क्या करायच्या आणि ओल्या लेसची कड एकेका टाचणीत अडकवत न्यायची. एकावर एक दोन-चार पडदे एकदम चढत. टाचण्या गंजून डाग पडू नयेत म्हणून त्या निकेलचा मुलामा दिलेल्या पितळेच्या असत. बोटांना मात्र असं काही संरक्षण नव्हतं. पांढऱ्या लेसवर रक्ताचा ठिपका पडला, की तेवढा भाग पुन्हा धुवायचा.

आता त्या बोळ्याकडे जरा थांबून पाहावं. पडद्यावर गुलाबाची वेल होती. ती आता दिसत नाही. कुठे गेली?

हा प्रश्न सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टासमोर ठेवण्यासारखा आहे. त्याचा ‘तर्कसंग्रह’ हा न्यायशास्त्राचा पहिला पाठ, आणि नैयायिकांचं कार्यकारणाचं लाडकं उदाहरण म्हणजे धागे आणि कापड. कापड धाग्यांहून वेगळी, नवी वस्तू आहे. धागे हे त्याचं समवायी कारण, धाग्यांचा संयोग हे असमवायी कारण. संयोग मोडला की कापड संपलं. पण बोळा झालेल्या लेसमध्ये एक धागा कमी झालेला नसतो, एक गाठ सुटलेली नसते. शास्त्राप्रमाणे पडदा शाबूत आहे, तरी वेल नाही. मिटली आहेत ती फक्त भोकं, आणि लेसमध्ये नक्षी उमटते ती भोकांमुळेच. ‘अभाव’ हा स्वतंत्र सातवा पदार्थ आहे, हे नैयायिकांचं म्हणणं ज्यांना शब्दांचा खेळ वाटतं, त्यांनी एकदा भिजलेली लेस हातात घ्यावी.

त्याच ग्रंथात याहून कामाची गोष्ट आहे. नैयायिक ‘संस्कार’ नावाचा एक गुण मानतात आणि त्याचे तीन प्रकार सांगतात: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. भावना म्हणजे अनुभवाने आत्म्यावर उमटलेला ठसा. त्यातून स्मृती होते. स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली चटई सोडताच जशी पूर्ववत होते, तो वस्तूचा गुण. आठवण आणि लवचीकपणा एकाच खणात ठेवणं पहिल्यांदा विचित्र वाटतं. पण चौकटीपाशी उभ्या असलेल्या बाईला ते लगेच पटलं असतं. लेसला स्वतःचं रूप आठवत नाही. तिच्यात जो स्थितिस्थापक नाही, त्याची जागा बाईच्या भावनेने भरायची: आधी घेतलेलं माप, चिठ्ठीवर टिपलेले दोन आकडे. पडद्याची आठवण पडद्याबाहेर राहते.

मग पडद्याचं ‘मूळ’ रूप असं काही आहे का? इथे प्रकरण आणखी अवघड होतं. पडद्याची यांत्रिक लेस ही इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची देणगी. जॉन लिव्हसीने 1846 मध्ये तिचं यंत्र साधलं. यंत्रावरून उतरलेली लेस लुळी असे. ती खळीत बुडवून, लांबलचक चौकटींवर ताणून, तापवलेल्या दालनांत वाळवत. हे काम बहुतेक बाया आणि पोरी करत. म्हणजे गृहिणी जे माप जपत होती, तेही एका चौकटीनेच दिलेलं होतं. घरची चौकट कारखान्याच्या चौकटीची आठवण काढत होती. चौकटीआधीचं शुद्ध, स्वयंभू रूप शोधायला जावं, तर हाती लुळं सूत लागतं.

तरी सगळे ताण सारखे, असं म्हणून सुटता येत नाही. इंग्लंडमध्ये लोकरी कापड धुऊन, कुटून झालं की उघड्या मैदानात लाकडी चौकटींच्या आकड्यांवर ताणत. (‘जीव टांगणीला लागणे’ या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार याच आकड्यांवरून आला.) लबाड विणकर कापड गरजेपेक्षा जास्त ताणून वारभर लांबी वाढवत, गिऱ्हाइकाच्या अंगावर पहिल्या पावसात ते आखडे. एलिझाबेथ राणीच्या काळात, 1597-98 मध्ये, उत्तरेकडच्या कापडाच्या अशा फसव्या ताणण्याविरुद्ध खास कायदाच झाला. पावसाची कसोटी लावली, तर लेसही दर धुण्याला खोटीच ठरते. फरक आहे तो ताणात नाही, सांगण्यात आहे. विणकर ताणाचं रूप कायमचं म्हणून विकत होता. गृहिणीला ठाऊक होतं, की वसंतात पुन्हा हे सगळं करायचं आहे.

मीमांसकांनी याला नित्यकर्म म्हटलं असतं. केल्याने नवं काही पदरात पडत नाही. न केल्याने दोष मात्र लागतो. दोष लावायला शेजारी होतेच. अमेरिकेतल्या आयरिश वस्त्यांत, झोपड्यांत राहणाऱ्यांपासून वर चढलेल्यांना ‘लेसच्या पडद्याचे आयरिश’ असं टोमणेवजा नाव होतं. पडदा मळला, तर चढलेली पायरी निसटल्यासारखी वाटायची. आणि गंमत पाहा: विस्कॉन्सिनमधल्या केनोशा शहरात बनणारी एक चौकट ‘क्वेकर’ या नावाने विकली जाई. क्वेकर म्हणजे साधेपणाचं व्रत घेतलेला ख्रिस्ती पंथ. कपड्याला झालर लावणंही ज्यांना खपत नसे, त्यांचं नाव झालरीच्या पडद्याला ताण देणाऱ्या लाकडावर. विरक्ती नाही, तर निदान तिचं लेबल तरी.

या सगळ्यात ज्या बोटांना टाचण्या टोचल्या, त्यांचा हिशेब कुठल्याच शास्त्रात नाही. नित्यकर्माची शिस्त थोर मानणाऱ्याने आधी विचारावं, ते करतं कोण. माप शेजाऱ्याच्या डोळ्यांतून घेतलेलं असेल, तर ती चौकट पडद्याची राहत नाही, बाईची होते.

1950च्या दशकात पॉलिस्टरचे पडदे आले आणि चौकट माळ्यावर गेली. पॉलिस्टर ताणलेल्या अवस्थेत खूप तापवून थंड केलं, की ते रूप धाग्यातच बसतं. धुवा, टांगा, विसरा. अन्नंभट्टाच्या भाषेत, भावनेचं काम स्थितिस्थापकाकडे सोपवलं गेलं. घरातून टाचण्या गेल्या, कारखान्यातून गेल्या नाहीत. इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसमध्ये स्टेंटर नावाचं लांबच लांब यंत्र असतं. त्यात कापडाच्या दोन्ही कडा साखळीवरच्या टाचण्यांत किंवा चिमट्यांत पकडून ते गरम हवेच्या खणांतून ताणत नेतात. पुढच्या वेळी पडद्याचं किंवा शर्टाचं कापड घ्याल, तेव्हा दुकानदाराला थान उलगडायला सांगा आणि काठ उजेडात धरा. टाचण्यांवरून आलेलं कापड असेल, तर तिथे बारीक भोकांची सरळ ओळ दिसेल.