क्षेत्र आणि क्षेत्रस्थ

क्षेत्राचे पावित्र्य केवळ देवतेत असते की तिच्या सान्निध्यात नित्य राहणाऱ्या माणसांतही, हा प्रश्न काशीच्या गल्ल्यांनी आज नव्याने विचारला आहे. अहल्याबाई होळकरांनी 1780 च्या सुमारास उभारलेल्या विश्वेश्वराच्या देवालयाभोवती जी दाट वस्ती होती, तेथील सुमारे 300 मिळकती मोबदला देऊन संपादन करण्यात आल्या, आणि 13 डिसेंबर 2021 रोजी देवालयापासून गंगेपर्यंतचे प्रशस्त प्रांगण खुले झाले. वृद्ध आणि अपंग भाविकांना दर्शन सुलभ झाले, हे पुण्यच होय. परंतु ज्या घरांच्या पोटात जुनी देवळे होती, त्या घरांतील बिऱ्हाडे उठली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार विखुरला. आमरण क्षेत्राची सीमा न ओलांडण्याचे क्षेत्रसंन्यासाचे व्रत सांगणाऱ्या धर्माने तीर्थात निवास करणे ही उपासनाच मानली आहे; मग प्रवाशाच्या सोयीसाठी रहिवासी उठवताना त्या उपासनेचा हिशेब कोणत्या दप्तरात नोंदवावयाचा? अतिथीला देव मानावे हे खरे; तथापि यजमानच उरला नाही, तर अतिथी तरी कोणाच्या दारी उभा राहणार?