बंदराला न लागणाऱ्या बोटी

इंडोनेशियाच्या पूर्वेकडच्या अरू बेटांवर बेंजिना नावाचं एक आडवळणाचं गाव आहे. तिथल्या मासळी कंपनीच्या आवारात माणसं पिंजऱ्यात कोंडलेली असल्याची बातमी असोसिएटेड प्रेसने मार्च 2015 मध्ये छापली. माणसं म्यानमारची आणि बोटींचे कप्तान थाई. ‘पळून जातील’ एवढाच त्यांचा गुन्हा. जवळच दफनभूमी होती आणि तिथल्या पाट्यांवर थाई नावं होती. खोट्या थाई नावांच्या कागदांवर या पोरांना बोटींवर चढवलेलं, त्यामुळे मेल्यावर त्याच नावांनी पुरलं. गावाकडे आईबाप वाट बघत राहिले असतील, पण शोधायचं झालं तर कुठल्या नावाने शोधणार?

वार्ताहरांनी इथली मासळी घेऊन निघालेल्या जहाजाचा उपग्रहावरून माग काढला. जहाज थायलंडच्या समुत साखोनला लागलं. पुढे रात्रीच्या ट्रकांमागे जाऊन त्यांनी कारखाने गाठले. तिथून माल अमेरिकेतल्या सुपरमार्केटांत आणि कुत्र्यामांजरांच्या खाण्यात जात होता. विशेष म्हणजे, बोलायला धजावलेली माणसं सुरक्षित जागी पोहोचेपर्यंत त्यांनी बातमी रोखून धरली. पुढे दोन हजारांहून अधिक लोक सुटले आणि 2016 मध्ये या कामाला पुलित्झर मिळालं.

अशा बातम्या वाचून आपण दुष्ट कप्तान आणि लोभी दलाल डोळ्यांपुढे आणतो. ते आहेतच. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो धंद्याचा हिशेब. साठच्या दशकात थायलंडच्या आखातात ट्रॉलर आले. पुढच्या तीसेक वर्षांत तासाभराच्या ओढीत मिळणारी मासळी दहाव्या हिश्श्याच्या आसपास आली. मासे कमी म्हणून बोटी लांब गेल्या, लांब गेल्या म्हणून डिझेल वाढलं. 1989 च्या ‘गे’ वादळात शेकडो थाई खलाशी बुडाले आणि तिथल्या तरुणांनी या कामाकडे पाठ फिरवली. डिझेल आणि बर्फाचे भाव मालकाच्या हातात नव्हते. दाबता येण्यासारखी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे खलाशाची मजुरी. परदेशी, बिनकागदाचा, दलालाच्या कर्जात बुडालेला माणूस त्यासाठी सोयीचा. ऊसतोडीची उचल ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे कर्ज समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की फडातून रात्रीत पळता येतं.

समुद्रात ती सोय नाही, कारण बोट बंदरालाच लागत नाही. मोठं जहाज भर समुद्रात येऊन डिझेल आणि शिधा देतं, मासळी उचलून निघून जातं. बोट वर्षानुवर्षं बाहेर राहू शकते. बेंजिनातली माणसं दिसली तीसुद्धा इंडोनेशियाच्या मत्स्यव्यवसाय मंत्री सुसी पुजियास्तुती यांनी 2014 च्या अखेरीस परदेशी बांधणीच्या बोटींच्या मासेमारीला बंदी घातली म्हणून. बोटी अडकून पडल्या, माणसं किनाऱ्यावर आली. बंदी अवैध मासेमारीवर होती. गुलामी तिच्यामुळे उघडी पडली.

युरोपीय संघाने एप्रिल 2015 मध्ये अवैध मासेमारीवरून थायलंडला पिवळं कार्ड दाखवलं, तेव्हा बँकॉक हललं. बंदरातून जाता-येताना तपासणी सुरू झाली. जानेवारी 2019 मध्ये कार्ड मागे घेतलं गेलं आणि त्याच महिन्यात थायलंडने मासेमारी कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार क्रमांक 188 मंजूर केला. कामाचा लेखी करार, विश्रांतीचे तास, औषधोपचार अशा साध्या गोष्टी त्यात आहेत. पण परदेशी कामगाराला स्वतःची संघटना काढायची मुभा तिथला कायदा आजही देत नाही. कप्तान शेजारी उभा असताना तपासनीस विचारणार, ‘पगार मिळतो का?’ उत्तर काय येणार हे सांगायला अहवाल लागत नाही. मासळीवर बहिष्कार घालून फार काही साधेल असं मला वाटत नाही. बोट ठरावीक दिवसांनी बंदराला लागली पाहिजे, आणि उतरलेल्या खलाशाला बोलण्यासाठी स्वतःची संघटना पाहिजे.

थायलंडकडे बोट दाखवताना आपला किनारा विसरू नये. रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळी खलाशी आहेत. पालघरची माणसं गुजरातच्या बोटींवर जातात आणि त्यांतली काही पाकिस्तानच्या तुरुंगात पोहोचतात. करार 188 ला 2007 मध्ये मान्यता मिळाली, 2017 मध्ये तो लागू झाला. भारताने त्याला अजून मंजुरी दिलेली नाही.