अप्रिय सत्य आणि सार्वजनिक वृत्तसेवा

सत्य बोलावें, परंतु ऐकणाऱ्याच्या जिवास झोंबेल असें सत्य बोलूं नये, हा उपदेश आमच्या समाजांत फार जुना आहे, व खाजगी व्यवहारांत त्याची योग्यता सहसा कोणी नाकारणार नाहीं. मरणोन्मुख माणसाच्या उशाशीं बसून त्याच्या रोगाचें भविष्य त्यास ऐकविणाऱ्या मनुष्यास आपण सत्यवादी न म्हणतां निष्ठुर म्हणतों. परंतु लोकांस वार्ता सांगणें हाच ज्या संस्थेचा धर्म, आणि जी आपणांस लोकांची म्हणविते, तिनेंही हाच नियम पाळावा काय? सगळें राष्ट्र एखाद्या गोष्टीवर आशा ठेवून बसलें असतां ती गोष्ट खोटी आहे असें जिला कळून आलें, तिनें बोलावें कीं मौन धरावें? हा प्रश्न नुसत्या तर्काचा नव्हे. इ. स. २००५ सालीं दक्षिण कोरियांत तो प्रत्यक्ष उपस्थित झाला, व मानवी आनुवंशिकतेच्या संशोधनाशीं त्याचा निकट संबंध होता. म्हणून त्या प्रकरणाच्या आधारानेंच आम्ही त्याचा विचार करूं इच्छितों.

प्रथम हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. स्त्रीच्या बीजांडांतील केंद्रक काढून टाकावयाचें, त्याच्या जागीं रोग्याच्या कातडीच्या पेशीचें केंद्रक घालावयाचें, आणि अशा रीतीनें वाढीस लागलेल्या गर्भांकुरापासून मूलपेशी मिळवावयाच्या, अशी ती कल्पना होती. ह्या पेशींची आनुवंशिक घडण रोग्याच्या शरीराशीं जुळणारी. सबब त्यांपासून तयार केलेले मज्जातंतू त्याचें शरीर परके म्हणून झिडकारणार नाहीं, अशी अपेक्षा. सोल राष्ट्रीय विद्यापीठांतील पशुवैद्यकाचे प्राध्यापक ह्वांग वू-सुक ह्यांनीं इ. स. २००४ सालीं ‘सायन्स’ ह्या अमेरिकन नियतकालिकांत लेख लिहून, २४२ बीजांडें खर्ची घालून अशा मूलपेशींचा एक अखंड वाढणारा वंश आपण मिळविल्याचें जाहीर केलें. पुढील वर्षीं त्यांनीं १८५ बीजांडांपासून, निरनिराळ्या रोग्यांशीं जुळणारे, असे ११ वंश मिळविल्याचें प्रसिद्ध केलें. पहिल्या यशानंतरच तेथील टपालखात्यानें चाकांच्या खुर्चीवरून उठून उभ्या राहणाऱ्या पंगु मनुष्याचें चित्र असलेलें तिकीट काढलें होतें. दुसऱ्यानंतर सरकारनें ‘सर्वश्रेष्ठ शास्त्रज्ञ’ अशी नवी पदवी निर्माण करून ती ह्वांग ह्यांस अर्पण केली.

त्याच वर्षाच्या जून महिन्यांत एमबीसी ह्या प्रसारणसंस्थेकडे एक पत्र आलें. ह्या संस्थेचा खर्च जाहिरातींच्या उत्पन्नावर चालतो, परंतु तिचें बहुतेक भागभांडवल एका सार्वजनिक न्यासाच्या हातीं आहे. म्हणून ती कोणा धनिकाची नव्हे, जनतेची समजली जाते. पत्र लिहिणारा तरुण वैद्य पूर्वीं ह्वांग ह्यांच्याच प्रयोगशाळेंत होता. तेथील कामाची त्यास आंतून माहिती असल्यामुळें, इतक्या थोड्या काळांत ११ वंश तयार झाले ह्यावर त्याचा विश्वास बसेना. आणि पाठीच्या कण्यास इजा झालेल्या एका दहा वर्षांच्या मुलावर ह्या पेशींचा प्रयोग करण्याचें घाटत आहे हें कळल्यावर त्यास गप्प बसवेना. पुढील सगळ्या वादांत राष्ट्र, विज्ञान, कीर्ति असे मोठमोठे शब्द ऐकूं आले. परंतु ह्या एका मुलाचा विसर पडूं न देतां त्या वादाकडे पाहिलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

‘पीडी सुचॉप’, म्हणजे निर्मात्याची टिपणवही, ह्या नांवाच्या एमबीसीच्या कार्यक्रमानें शोध केला व २२ नोव्हेंबर २००५ रोजीं पहिला भाग दाखविला. त्यांत पेशींच्या खरेखोटेपणाची गोष्ट नव्हती. संशोधनासाठीं बीजांडें देणाऱ्या स्त्रियांपैकीं कित्येकींस पैसे देण्यांत आले होते, व खुद्द प्रयोगशाळेंतील हाताखालच्या तरुणींचींही बीजांडें घेतलीं गेलीं होतीं, एवढेंच त्यांत होतें. दोनच दिवसांनीं ह्वांग ह्यांनीं तें कबूल केलें व आपल्या अधिकारपदांचा त्याग केला. तथापि लोकांचा राग त्यांच्यावर वळला नाहीं; तो वळला वार्ता सांगणाऱ्यांवर. एमबीसीच्या इमारतीपुढें मेणबत्त्या घेतलेला जमाव जमला, जाहिरातदारांनीं कार्यक्रमाकडे पाठ फिरविली, आणि हजाराहून अधिक स्त्रियांनीं आपलीं बीजांडें विनामूल्य देऊं केलीं. ह्या स्त्रियांच्या अंतःकरणाची थोरवी कोणासही मान्य होईल. परंतु चौकशी-समितीस पुढें असें आढळून आलें कीं, दोन्ही लेखांत मिळून ४२७ बीजांडांचा हिशेब दिला असतां प्रत्यक्षांत दोन हजारांहून अधिक खर्ची पडलीं होतीं. बीजांडें काढण्यापूर्वीं औषधें टोंचून घ्यावीं लागतात, व त्यांपासून शरीरास अपाय होण्याचा संभव असतो. म्हणजे ज्या त्यागाचा हिशेबच कोणी ठेवीत नव्हतें, तो त्याग करावयास लोक पुढें सरसावत होते.

एमबीसीच्या विरोधकांचे आक्षेप केवळ भावनेचे होते असें नव्हे. त्यांपैकीं तीन विचार करण्यासारखे आहेत.

पहिला असा कीं, विज्ञानाचा न्याय वैज्ञानिकांनीं करावा. वार्ताहरास त्यांतलें काय कळतें? हा आक्षेप दिसतो तितका बळकट नाहीं. पेशीवंश कसा तयार करावा, हें वार्ताहरास कळत नाहीं खरें. परंतु हा वंश अमक्या रोग्याचा आहे कीं नाहीं, हा प्रश्न विचारावयास शास्त्रज्ञ असावें लागत नाहीं. प्रत्येक मनुष्याच्या डीएनएची ठेवण निराळी असते, व ती एखाद्या सहीप्रमाणें ताडून पाहतां येते. एमबीसीनें पेशींचे नमुने मिळवून ते बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतले, तेव्हां सही जुळेना. उलट, छापलेल्या लेखांतील सह्या मात्र तंतोतंत जुळत होत्या. त्याचें कारण पुढें बाहेर आलें: रोग्याच्याच कातडीच्या पेशी दोन नळ्यांत वाटून, एकींत रोगी व दुसरींत मूलपेशी आहेत असें भासवून, त्या तपासणीस पाठविल्या होत्या! एकच सही दोनदां पाहिल्यावर ती जुळावयाचीच. विज्ञानाच्या परीक्षकांनीं दिलेल्या कागदावर विश्वास ठेविला; वार्ताहरांनीं मूळ वस्तु पाहण्याचा आग्रह धरिला. दोघांच्या बुद्धींत अंतर होतें असें नव्हे, मागणींत होतें.

दुसरा आक्षेप राष्ट्राच्या अब्रूचा. लहानशा देशानें जगांत मान मिळविला असतां घरच्याच माणसांनीं तो घालवावा, हें कोणास रुचेल? परंतु कोंबडें झांकून ठेविलें म्हणून तांबडें फुटावयाचें राहत नाहीं. इतर देशांतील संशोधक तोच प्रयोग करून पाहणार होतेच. आज नाहीं तर उद्यां खोटें उघडकीस आलें असतें, व त्या वेळीं कोरिया एक तर फसलेला किंवा फसविणारा ठरला असता. प्रत्यक्षांत घडलें तें असें कीं, शंका काढणारा वैद्य कोरियन, ती जाहीर करणारी संस्था कोरियन, लेखांतील छायाचित्रांची पुनरुक्ति दाखवून देणारे तरुण शास्त्रज्ञ कोरियन, आणि शेवटीं निकाल देणारें विद्यापीठही कोरियन. राष्ट्राची अब्रू राखिली गेली असेल, तर ती ज्यांस देशद्रोही म्हटलें गेलें त्यांच्याच हातून राखिली गेली, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. अंथरुणास खिळलेल्या हजारों माणसांची आशा हिरावून घेण्याचा अधिकार कोणास आहे? येथेंच आरंभीं सांगितलेला उपदेश पुनः पुढें येतो. उशाशीं बसलेला आप्त रोग्याच्या समाधानासाठीं मौन धरितो, ह्यांत वावगें नाहीं. परंतु त्याच मौनाचा फायदा घेऊन कोणी भोंदू रोग्यास खोटें औषध पाजूं लागला, तर तो आप्त काय करील? त्या क्षणीं त्याचें मौन दया राहत नाहीं, तें संगनमत होतें. मौनाचें समर्थन ऐकणाऱ्याच्या हितानेंच होऊं शकतें. तें हित संपलें कीं समर्थनही संपलें. त्या दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतींत गोष्ट ह्याच थरास येऊन ठेपली होती. शिवाय आशा आणि विश्वास ह्या दोन वस्तु भिन्न आहेत. आशा रोग्याची स्वतःची असते, ती कोणी वार्ता सांगून हिरावूं शकत नाहीं; विश्वास मात्र तो दुसऱ्याच्या शब्दावर टाकीत असतो, आणि तो शब्द खरा आहे कीं नाहीं हें जाणण्याचा त्यास हक्क आहे.

इतकें म्हटल्यानंतर एमबीसीचा दोष झांकून ठेवणें आमच्या हातून होणार नाहीं. तिच्या माणसांनीं अमेरिकेंत काम करीत असलेल्या एका तरुण कोरियन संशोधकास गांठलें, व ह्वांग ह्यांच्यावर खटला होणार असल्याचा धाक घालून त्यास बोलतें केलें. ही गोष्ट दुसऱ्या एका वृत्तवाहिनीनें उघड करितांच ४ डिसेंबर २००५ रोजीं एमबीसीस जाहीर क्षमा मागावी लागली, व पेशींच्या खोटेपणाविषयींचा दुसरा भाग रोखून धरण्यांत आला. ह्यावरून कित्येकांनीं असा निष्कर्ष काढला कीं, साधनें अशुद्ध म्हणून निष्कर्षही खोटा. ही तर्कदृष्ट्या चूक होय. परंतु ती चूक करण्यास जागा कोणी दिली? जो दुसऱ्याच्या लबाडीचा शोध घेतो, त्यानें आपल्या पदरीं लबाडी येऊं देतां कामा नये, ही केवळ नीतीची गोष्ट नसून व्यवहाराचीही आहे. त्या एका धाकामुळें सत्य हातीं असूनही संस्थेची वाणी कांहीं दिवस बंद पडली.

ती उघडली इतरांमुळें. १५ डिसेंबर रोजीं ह्वांग ह्यांच्या एका सहलेखकानेंच, ते पेशीवंश अस्तित्वांत नाहींत असें सांगून टाकिलें, व त्याच रात्रीं एमबीसीनें रोखलेली माहिती प्रसारित केली. १० जानेवारी २००६ रोजीं विद्यापीठाच्या समितीनें दोन्ही लेख बनावट ठरविले. त्यांच्याच हातून झालेली कुत्र्याची नक्कल मात्र खरी निघाली. ‘सायन्स’नें लेख मागें घेतले. ऑक्टोबर २००९ मध्यें सोलच्या न्यायालयानें पैशांचा अपहार व बीजांडांचा बेकायदा व्यवहार ह्यांबद्दल ह्वांग ह्यांस दोषी ठरवून दोन वर्षांची तहकूब शिक्षा दिली.

असत्याची आणखी एक हानि पुढें उघड झाली. इ. स. २००७ मध्यें अमेरिकन संशोधकांनीं २००४ सालच्या त्या एका वंशाची पुनः परीक्षा केली, तेव्हां तो पुरुषबीजाशिवाय नुसत्या बीजांडाच्याच वाढीपासून उत्पन्न झाला असावा असें दिसून आलें. ही गोष्टही आपल्या परीनें नवी व मोलाची होती. परंतु जगास जें सांगावयाचें तें आधींच ठरून गेलें असल्यामुळें, हातीं आलेलें खरें कोणास ओळखतां आलें नाहीं. आणि मूळ कल्पना तरी अशक्य होती काय? मे २०१३ मध्यें अमेरिकेंतील ओरेगन येथें शूखरात मितालिपोव्ह ह्यांनीं ती मानवी पेशींत सिद्ध करून दाखविली. म्हणजे एमबीसीनें आशा मारली नव्हती. आशेच्या नांवावर चाललेला खोटा व्यवहार तेवढा थांबविला होता.

सार्वजनिक वृत्तसेवा लोकांची, ह्याचा अर्थ ती लोकांस जें रुचेल तें बोलणारी, असा पुष्कळजण करितात. लोकांची म्हणून ती लोकांच्या रागासही पात्र होते, आणि तो राग सोसूनही बोलण्यासाठींच ती लोकांनीं ठेविलेली असते. जाहिरातदार गेले तरी ती उभी राहील अशी तजवीज हवी. तिच्या माणसांनीं धाकदपटशा केला तर त्यांस जाब विचारणारें कोणी हवें. आणि ज्यानें पहिलें पत्र लिहिलें त्याच्यामागें समाजानें उभें राहिलें पाहिजे. त्या वैद्यास आपली नोकरी सोडावी लागली होती. त्यास अप्रिय सत्य बोलणें सोपें गेलें नसेल. पण त्याच्या बोलण्याचा एक परिणाम निश्चित झाला. ज्या मुलाच्या कण्यांत त्या पेशी घालावयाच्या होत्या, त्याच्यावर तो प्रयोग झाला नाहीं.