विक्री म्हणावी की व्याज?

दिवाळी जवळ आली की आमच्या माळवदाच्या घरात लोखंडी पेटी उघडण्याचा एक विधी असतो. लक्ष्मीपूजनाला वही, नाणी आणि रानाचे कागद पाटावर मांडायचे ही पणजोबांपासूनची रीत. नाणी घासून पुसून ठेवली जातात, कागदाला मात्र कोणी हात लावीत नाही, कारण तो उर्दूत आहे आणि आमच्या घरात उर्दू वाचणारा आजोबांबरोबरच गेला. यंदा पेटीत वाळवी दिसली, म्हणून तो कागद मी उलगडला; आणि उलगडला म्हणूनच वाचून घ्यावा असे मनात आले.

चाकुरात उर्दू वाचणारे वृद्ध आता थोडे राहिले. आमच्या गल्लीच्या टोकाला उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक शिक्षक राहतात. मी त्यांना चाचा म्हणतो. कागद घेऊन गेलो तेव्हा ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले अक्षर लागत नसेल. म्हणून संकोचत म्हणालो, "चाचा, वेळ लागेल ना? तुमची काही दक्षिणा..."

"नको बेटा," ते हसून म्हणाले, "वाचायचे पैसे घेतले की मग तुला आवडेल असं वाचावं लागतं."

हे वाक्य त्यांनी सहज म्हटले. पण पुढे महिनाभर मी ज्या विचारात पडलो त्याचे टोक तिथेच होते.

कागद १३४० फसलीचा निघाला, म्हणजे इसवी १९३०-३१ चा. सहा एकर वीस गुंठे रान माझ्या पणजोबांनी तीनशे रुपये हाली सिक्क्यास विकत घेतल्याचा तो मजकूर. सात हाली म्हणजे सहा कलदार या हिशेबाने इंग्रजी राज्यातले सुमारे दोनशे सत्तावन्न रुपये. आमच्या घरात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते: पणजोबांनी घाम गाळून रान घेतले. पण चाचांनी एका शब्दावर बोट ठेवले. "ही नुसती बै नाही. बै-बिल-वफा आहे." बै म्हणजे विक्री, वफा म्हणजे वचन पाळणे. विकणाऱ्याने तीन वर्षांत रक्कम परत आणली तर घेणाऱ्याने रान परत द्यायचे, असे वचन. दरम्यान रान मूळ मालकच कसणार आणि अर्धे पीक माझ्या पणजोबांना घालणार. तीन वर्षांत रक्कम आली नाही तर विक्री पक्की.

"म्हणजे हे गहाणच की," मी म्हणालो.

"कागज में तो बिक्री है," चाचा म्हणाले.

आता वाचकांनी जरा माझ्याबरोबर दूर यावे. कारण या एका शब्दापाशी हजार-बाराशे वर्षांचा वाद उभा आहे, आणि तो वाद करणारी माणसे मूर्ख नव्हती.

कुराणाने व्यापाराला मुभा दिली आणि 'रिबा' वर्ज्य केला. रिबा म्हणजे वाढ. पण कोणती वाढ? दुसरे खलीफा उमर यांच्या नावे एक परंपरा सांगतात, की रिबाविषयीची आयत अगदी शेवटी उतरली आणि तिचा पुरता खुलासा होण्याआधीच पैगंबर गेले. मागे राहिली ती एक हदीस: सोने, चांदी, गहू, जव, खजूर आणि मीठ या सहा वस्तूंची अदलाबदल सारख्याला सारखी आणि हातोहात करावी. झाले! एवढ्यावर पंडितांच्या पिढ्या खपल्या. अकराव्या शतकातल्या स्पेनमधले इब्न हज्म म्हणाले, सहा म्हणजे सहाच. सातवी वस्तू आम्ही आपल्या पदरची का घालावी? हनफी म्हणाले, या वस्तू मापाने किंवा वजनाने विकल्या जातात हे कारण धरा, म्हणजे तांदूळही आला. शाफई म्हणाले, कारण अन्न आणि चलन हे आहे. मालिकी म्हणाले, टिकणारे, साठवता येणारे अन्न.

मुलांना व्याकरण शिकवताना मला हाच पेच पडतो. नियम नुसता पाठ करून घेतला तर तो निर्जीव होतो. आणि नियमामागचे कारण विचारा म्हटले की प्रत्येक विद्यार्थी आपल्या सोयीचे कारण हुडकून आणतो. तरी पण कारण विचारल्यावाचून सुटका नाही. खजुराच्या देशातला नियम ज्वारीच्या देशात आणायचा तर कोणीतरी अर्थ लावलाच पाहिजे.

आणि अर्थ लावणारा आला की पळवाट शोधणाराही येतो. आज तुला हे कापड एकशेवीसला उधार विकतो, आताच्या आता तेच शंभराला रोख परत घेतो. व्याजाचा शब्द कुठे आला? नाही आला. वीस मात्र आले. अशा युक्त्यांना 'हीला' म्हणतात. नवव्या शतकात बगदादच्या अल-खस्साफने त्यांवर ग्रंथच लिहिला. बाहेरचा व्यवहार शुद्ध असेल तर मनात काय होते ते काझीने उकरू नये, ही एक बाजू. मनात काय होते तेच तर खरे, नाहीतर देवालाच फसवल्यासारखे होईल, ही इब्न तैमिया आणि त्यांचे शिष्य इब्न कय्यिम यांची बाजू. बै-बिल-वफा याच झगड्यात जन्मली. बुखारा-समरकंदकडच्या हनफी पंडितांनी ती चालू दिली, कारण लोकांना पैशाची गरज होती आणि बिनव्याजी पैसा कोणी काढीत नव्हता. पुढे एकोणिसाव्या शतकात तुर्की सुलतानाच्या 'मजल्ला' या कायद्याच्या संग्रहातही तिला जागा मिळाली.

त्या पंडितांना मी दोष देत नाही. दार पुरते बंद केले असते तर गरजू माणूस चोरवाटेने गेला असता, आणि चोरवाटेवरचा सावकार अधिक क्रूर असतो. पण पाहा, त्यांनी पापातून सुटण्यासाठी काढलेली वाट कोणाच्या हाती पडली! माझे पणजोबा हिंदू. त्यांना व्याज घ्यायला कोणत्या शास्त्राची मनाई होती? मनुस्मृतीत वसिष्ठाच्या नावे दरमहा शेकडा सव्वा असा दर दिलेला आहे. दामदुपटीचा नियम होता, म्हणजे एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. पणजोबांनी उघड व्याज लावले असते तर तीनशेवर फार तर तीनशे मिळाले असते. विक्रीचा कागद केल्यामुळे रान मिळाले. १९३० नंतरच्या मंदीत कापसा-ज्वारीचे भाव कोसळले तेव्हा तीनशे हाली कुठून आणणार होता तो माणूस?

आजही 'खरेदीखत' करून व्याजाने पैसे देणारे आमच्याकडे आहेत. त्याला मुदत खरेदी म्हणतात. १९२९ साली मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, की परतीची अट त्याच कागदात असल्याशिवाय ते गहाण मानू नये. तेव्हापासून हुशार सावकार अट तोंडी ठेवतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने अशा खरेद्यांची चौकशी करून जमीन परत देववण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला दिला. नाव बदलले म्हणून वस्तू बदलत नाही, हे सरकारलाही कायद्यात लिहावे लागले.

चाचांना मी विचारले, "मग तुमच्या बँकांचे काय? त्या इस्लामी बँकांचे?"

"आमच्या कुठल्या," ते म्हणाले, "माझं खातं तर तुझ्याच बँकेत आहे."

तरी पण त्यांना पुष्कळ ठाऊक होते. हा विचार आपल्या मुलखाला परका नाही. 'सूद' हा गाजलेला ग्रंथ लिहिणारे मौदूदी १९०३ साली औरंगाबादेत जन्मले. उस्मानिया विद्यापीठाचे अन्वर इक्बाल कुरेशी यांनी १९४६ मध्ये इस्लाम आणि व्याजाचा सिद्धांत यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. निजामी अमदानीत हैदराबादेतल्या सरकारी नोकरांनी बिनव्याजी कर्जाच्या मंडळ्या चालवल्या. तेथलेच विद्वान हमीदुल्लाह यांनी, पुढे पॅरिसला राहून, त्यांची हकीकत लिहून ठेवली. १९६३ साली मिसर देशात मीत-गम्र या गावी अशी पेढी निघाली, १९७५ ला दुबईत बँक झाली, आणि मग पैशाचा पूर आला.

बँक आली तसे तिचे धर्मपरीक्षकही आले. प्रत्येक बँकेला शरियत जाणणाऱ्या पंडितांचे मंडळ असते. हा व्यवहार धर्माला धरून आहे की नाही ते मंडळाने सांगायचे. बँक घर विकत घेऊन तुम्हाला वाढीव दराने हप्त्यावर विकते. ही विक्री की व्याज? मंडळ म्हणते, बँकेने ते घर घटकाभर का होईना स्वतःच्या जोखमीवर ठेवले असेल तर विक्री. माझ्या मते हा नुसता शब्दच्छल नाही. ज्याने जोखीम घेतली त्याने नफा घ्यावा. दुसरा बुडत असताना काठावर कोरडा उभा राहून वाढ मागू नये, हे त्या मनाईचे मर्म मला पटते. पण ती घटका किती कमी करीत न्यायची? २००७ साली या शास्त्राचे मोठे जाणकार, देवबंदला जन्मलेले न्यायमूर्ती तकी उस्मानी यांनीच सांगून टाकले, की 'सुकूक' नावाच्या रोख्यांपैकी शेकडा पंच्याऐंशी कसोटीला उतरत नाहीत. मग या रोख्यांवर मंजुरीची सही कोणी केली होती? त्याच मंडळांतल्या पंडितांनी. आणि त्यांना मानधन कोण देते? बँक.

मला चाचांची दक्षिणा आठवली.

मलेशियाने यावर उपाय काढला. १९९७ पासून तेथे मध्यवर्ती बँकेचेच एक मंडळ आहे, आणि २००९ च्या कायद्याने त्याचा निर्णय कोर्टांवरही बंधनकारक झाला. बरे झाले म्हणावे, तर दुसरी शंका येते: सरकार पगार देईल तो पंडित सरकारला नको ते वाचील काय? पंचाला भाकरी तर लागतेच. आपल्याकडे हा प्रश्न उगवण्याआधीच मिटला. २०१६ साली बार्शीला लोकमंगल सहकारी बँकेने बिनव्याजी व्यवहार सुरू केला, तेव्हा बरीच चर्चा झाली. पण बँकांतून अशी खिडकी उघडण्याचा विचार रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये सोडून दिला. बँकिंगच्या सोयी सर्व नागरिकांना सारख्याच खुल्या आहेत, असे कारण त्यावेळी दिले गेले.

"पण चाचा," मी वाद घातला, "१९८९ साली मिसरचे मुफ्ती तंतावी यांनी सरकारी रोख्यांवरचे उत्पन्न रिबा नव्हे असा फतवा दिला. मला ते पटते. विधवा बाई बँकेत पाच हजार ठेवते तेव्हा ती बँकेला पिळते असे कसे म्हणावे?"

"बँक मला देते ते पैसे आणते कुठून?" चाचांनी विचारले. "त्या टोकाला तुझ्या पणजोबांचा कुळवाडी बसलेला असेल." ते बँकेतले व्याज काढून घेतात, स्वतः खात नाहीत, आणि पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजवंताला देऊन टाकतात. हिंदुस्थानातल्या पुष्कळ उलेमांचे मत असेच आहे. "बँकेत सोडलं तर बँकेचंच फावतं," ते म्हणाले. कोणाला देतात ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

तुकोबांनी वडिलार्जित कर्जखतांतला आपला वाटा इंद्रायणीत सोडला, अशी कथा आपण भक्तीने ऐकतो. ऐकताना एक गोष्ट ध्यानात येत नाही: त्यांनी सोडली ती खते होती, रान नव्हते. खत बुडवता येते. रानात विहीर आहे, दोन भावांचे हिस्से आहेत, बहिणीच्या लग्नाचे कर्ज त्यावरच फेडले. येळवशीला आम्ही सारे कुटुंब त्याच रानात जातो, कोपीत पांडवांची पूजा करतो, आंबील आणि भज्जी खातो. गावात त्या रानाला अजून जुन्या मालकाचे आडनाव आहे. ते मी येथे लिहीत नाही, कारण त्या घरातला मुलगा माझ्या वर्गात आहे. त्याचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. तो वर्गात मागे बसतो, त्याचे गणित चांगले आहे.

चाचांनी कागद घडी करून परत दिला. मी विचारले, "तुम्ही काय म्हणता, ही विक्री होती का?"

"मी वाचून दाखवलं," ते म्हणाले. "सही तुझ्या पणजोबाची आहे."

कागद आता माझ्या टेबलावर आहे. काल आईने पाट धुऊन ठेवला आणि विचारले, रानाचे कागद वाळवीने खाल्ले तर नाहीत ना, यंदा पूजेला मांडायचे ना? मी अजून काही बोललो नाही.