हलवायाच्या घरावर तुळशीपत्र



घरोघरी कपाटाच्या वरच्या खणात जुन्या सीडी-डीव्हीडींचा एक गठ्ठा पडलेला असतो. थोरल्याचे लग्न, धाकटीचे पहिले कम्युनियन, आजोबांचा अंत्यविधी, नाताळच्या गीतांची सीडी आणि बाजारातून आणलेले दोन-चार सिनेमे. या सगळ्यांतले चांगले तेवढे निवडून एकच डीव्हीडी करावी, असे अनेकांच्या मनात येते. काम घरच्या संगणकावर होण्यासारखे आहे. डिस्कमधल्या फाइली उतरवून घ्यायच्या, हवा तो भाग कापायचा, जोडायचा आणि कोऱ्या डिस्कवर राईट करायचा. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावते, म्हणजे साधारण दोन तासांचे चित्रण. घाईलाही कारण आहे. घरी किंवा स्टुडिओत राईट केलेल्या डिस्कमधला रंगाचा थर ऊन आणि उष्णतेने खराब होतो, आणि आजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपला डिस्क घालण्याची जागाच नसते.

पण हे करणे योग्य आहे का? प्रश्न लहान वाटतो. त्याच्या पोटात मात्र मोठा प्रश्न आहे: जे घेतल्याने मूळ मालकाकडचे काहीच कमी होत नाही, ते घेणे चोरी ठरते का?

आपण तासगावकर हा प्रश्न द्राक्षबागेत उभे राहून विचारू शकतो. कोणी बागेतून घड तोडून नेला, तर शेतकऱ्याचा घड गेला. पण छाटणीच्या वेळी कोणी चार काड्या नेल्या तर? 'तास-ए-गणेश' ही आपल्या तालुक्याचे नाव सांगणारी जात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेसमधून निवडली. आज त्या जातीचा वेल जिथे जिथे आहे, तिथे तो काडीपासून किंवा डोळ्यापासूनच वाढलेला आहे. म्हणजे तीही एक प्रतच. काडी दिल्याने मूळ वेल वाळला नाही. उलट जात पसरली, टिकली.

प्रतींनी जतन होते, याचा दाखला आपल्याच साहित्यात आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज सापडत नाही. हा ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो भाविकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या पोथ्यांमुळे. त्यांवरूनच १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. तेव्हा नक्कल म्हणजे पाप, असे सरसकट म्हणता येणार नाही.

मग अडते कुठे? सिनेमा किंवा गाण्याची सीडी ही नुसती वस्तू नाही, ती कोणाची तरी मजुरी आहे. गायक, वादक, ध्वनिमुद्रण करणारा यांचे श्रम आधी खर्ची पडतात आणि मोबदला मागाहून एकेका विक्रीतून येतो. प्रत घेणारा त्यांची डिस्क नेत नाही, पण त्यांची मजुरी अडवू शकतो. सातव्या आज्ञेत मजुरी बुडवणेही येते, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे. याकोबाच्या पत्रातली मजुरांची कैफियत अशाच न दिलेल्या वेतनाची आहे.

या मापाने पाहिले की प्रसंग वेगवेगळे होतात. स्वतः विकत घेतलेल्या डिस्कमधली गाणी घरात ऐकण्यासाठी एकत्र केली, तर मजुरी आधीच दिलेली आहे. कायदाही खासगी उपयोगासाठी न्याय्य वापराची मुभा देतो. सिनेमा आणि ध्वनिमुद्रण यांना ती २०१२ च्या दुरुस्तीने मिळाली. त्याच दुरुस्तीने, हक्क बुडवण्याच्या हेतूने डिस्कचे कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. हेतू पाहावा, हे तत्त्व कायद्यानेही मान्य केले आहे. सिनेमाचा हक्क ६० वर्षे चालतो, त्यानंतर तो सर्वांचा होतो. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' या मुदतीच्या बाहेर आहे.

आता अवघड प्रसंग. समजा, सभागृहाच्या पत्र्यांसाठी निधी हवा आहे. कोणी सुचवतो, निरनिराळ्या सीडींतली निवडक भक्तिगीते एका डिस्कवर घेऊ, दोनशे प्रती काढू आणि सणाला विकू. काम देवाचे आहे, नफा कोणाच्या खिशात जात नाही. आमचे उत्तर नाही असेच आहे. उपासनेत गीत गाणे किंवा वाजवणे याला कायद्याची सूट आहे, प्रती काढून विकण्याला नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, त्या गायकाला न विचारता त्याच्या श्रमातून आपण देणगी गोळा केलेली असते. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे ते हेच. भुकेने मरणाऱ्याने भाकरी उचलली तर ती चोरी नव्हे, असे संत थॉमस अक्वायनस सांगतात. पण पत्रे ही तसली भूक नव्हे. परवानगी मागता येते, आणि नकार आला तर आपल्याच गायकमंडळाकडून गीते गाऊन घेता येतात.

राहिली घरची चित्रणे. लग्नाचे शूटिंग पैसे देऊन करवून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर १९५७ च्या कायद्याप्रमाणे त्याचा पहिला मालक पैसे देणारा असतो. तिथे मजुरीचा प्रश्न सुटतो. मात्र मागे वाजणारी सिनेमाची गाणी त्यामुळे आपली होत नाहीत, आणि एक निराळाच प्रश्न उभा राहतो. निवडणे म्हणजे गाळणेही. बांधावरून वैर झालेला भाऊ, माहेरी परत गेलेली सून यांना दोन क्लिकमध्ये काढून टाकता येते. त्या दिवशी मांडवात भाऊ होता, त्यानेच पाहुण्यांना पाणी दिले होते, हे मात्र पुसले जात नाही. नातवंडे उद्या तीच डिस्क पाहून घरचा इतिहास शिकतील. पोथ्या उतरवणाऱ्यांनी आपल्याला न रुचलेल्या ओव्या वगळल्या असत्या, तर आपल्या हाती काय आले असते? कायदा याविषयी गप्प आहे. सत्याची आज्ञा गप्प नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच. निवडक डिस्क जरूर करा, पण मूळ चित्रण कापू नका. ते संपूर्ण उतरवून दोन ठिकाणी जपा. कव्हरवर तारीख आणि माणसांची नावे लिहा, आज न बोलणाऱ्यांचीसुद्धा. आणि त्या भावाकडे डिस्क चालवायचे यंत्र नसेल, तर त्याच्यासाठीही एक प्रत काढून द्या. ती देताना त्याच्या दारापर्यंत जावेच लागेल.