सुराचा धर्म कोणता?

यवतमाळ जिल्ह्यात गावोगावी तुकडोजी महाराजांची भजने खंजिरीवर रंगतात. तिथे शब्द पुढे, सूर मागे. म्हणून भक्ती शब्दांत असते आणि सूर हे नुसते वाहन, असे आपण सहज धरून चालतो. कैरान्यात जन्मलेले, मिरजेत स्थिरावलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ या समजुतीच्या आड येतात. त्यांची 'जमुना के तीर' ही भैरवी ऐका: शब्द मोजकेच, पण एकेका स्वरावर आवाज असा रेंगाळतो की अर्थ मागे पडून आर्तताच उरते. ती कृष्णाची की अल्लाची, हे सुरावरून सांगता येत नाही. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे भीमसेन जोशी. मुसलमान गुरूचा गळा असा अभंगवाणीपर्यंत पोचला.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे कसब आहे. नास्तिकही षड्ज नेमका लावील. खरेच लावील. सूर माणसाला सज्जन करतो, असा माझाही दावा नाही. घराण्यांची भांडणे काय कमी झाली? पण तानपुरा जुळेपर्यंत कान लावून बसणे, आपला आवाज त्यात विरू देणे, ही एकाग्रता प्रार्थनाही मागते. ती शिकवता येते, श्रद्धा नाही. गुरूचे काम तिथेच संपते.

खाँसाहेब १९३७ साली पाँडिचेरीच्या वाटेवर वारले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गायन होते, आणि तिथे हिंदू गवईही गातात.