आवक क्रमांक

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात गुरुजी आणि अण्णा यांची वडिलोपार्जित जमीन लागून होती. मध्ये एक बांध, एवढंच अंतर. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांना तिथे मुलासाठी घर बांधायचं होतं. अण्णांचं पेठेत किराणा दुकान होतं, त्यांना गोदाम हवं होतं.

बांधकाम परवान्यासाठी दोघांनी नगरपरिषदेतून झोन दाखला काढला आणि दोघांनाही एकच धक्का बसला. दोन्ही जमिनींवर आरक्षण होतं : खेळाचं मैदान. विकास आराखडा मंजूर होऊन दहा वर्षं उलटून गेली होती. एवढ्या काळात नगरपरिषदेनं जमीन ताब्यात घेतली नव्हती की मोबदल्याचा एक रुपया दिला नव्हता. माळावर बाभळी माजल्या होत्या. वॉर्डातली पोरं रस्त्यावरच क्रिकेट खेळत होती. जमिनीला गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, बँक कर्जाला उभं करत नव्हती. मालकाला घर नाही आणि पोरांना मैदान नाही, अशी ती जमीन नुसती पडून होती.

मग हेलपाटे सुरू झाले. कधी ‘साहेब मीटिंगला गेलेत’, कधी ‘फाईल पुण्याला आहे’, तर कधी ‘पुढच्या सोमवारी या’. नगरसेवक खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, “बघू या गुरुजी, तुमचं काम म्हणजे घरचं काम.”

अण्णांचा संयम सुटला. “गुरुजी, असे जोडे झिजवून काही होत नसतं. मी एक माणूस गाठलाय. तो म्हणतो, बिनधास्त शेड मारा, वरचं मी बघतो.”

“अण्णा, त्यानं लिहून काय दिलंय?”

“असल्या गोष्टी कुणी लिहून देतं का?”

अण्णांनी पैसे मोजले आणि महिन्याभरात पत्र्याची शेड उभी केली.

गुरुजींचाही जीव मेटाकुटीला आला होता. एक दिवस ते आवक-जावकच्या टेबलापाशी टेकले आणि तिथल्या वयस्क बाईंकडे मन मोकळं केलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “गुरुजी, इतक्या वेळा आलात, एकदा तरी अर्ज दिलात का?”

“प्रत्यक्ष भेटून सांगितलं की सगळ्यांना.”

“सांगितलेलं दप्तरात चढत नाही. साहेब बदलले की त्यांच्याबरोबर जातं. लिहून द्या, दोन प्रती आणा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय या टेबलावरून हलू नका.”

गुरुजी वकिलाकडे गेले तेव्हा त्यांना कळलं की मार्ग कायद्यातच आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात कलम १२७ आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक नगरपरिषदेला नोटीस देऊ शकतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर या नोटिशीची मुदत २४ महिन्यांची आहे. तेवढ्या काळात जमीन घेतली नाही किंवा संपादनाचं कायदेशीर पाऊल उचललं नाही, तर आरक्षण संपुष्टात येतं. “आणि नुसती पत्रापत्री म्हणजे पाऊल नव्हे,” वकील म्हणाले. “गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली हे स्पष्ट केलंय.”

पहिली नोटीस परत आली, कारण मालकीचे कागद जोडायचे राहिले होते. गुरुजींनी सातबारा, फेरफाराचे उतारे, मोजणीचा नकाशा आणि झोन दाखला गोळा केला, प्रत्येकावर अनुक्रमांक घातला आणि नोटीस नव्यानं दिली. बाईंनी गठ्ठा तपासला, रजिस्टरात नोंद केली आणि गुरुजींच्या प्रतीवर जांभळ्या शाईचा गोल शिक्का मारला. शिक्क्याखाली आवक क्रमांक, तारीख आणि सही. गुरुजींनी ती प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली. इतकी वर्षं गुरुजीच वाट बघत होते. त्या तारखेपासून नगरपरिषदेची मुदत मोजली जाऊ लागली.

पुढे मुख्याधिकारी बदलले. नवे साहेब आले आणि विनापरवाना बांधकामांची यादी निघाली. अण्णांच्या शेडवर त्याच अधिनियमाच्या कलम ५३ ची नोटीस चिकटली. अण्णांनी त्या माणसाला फोनवर फोन लावले, पण तो उचलेना. साहेबांसमोर अण्णा म्हणाले, “मी पैसे भरलेत.”

“पावती दाखवा,” साहेब म्हणाले.

अण्णांकडे दाखवायला काही नव्हतं. शेड त्यांना स्वतःच्या हातानं उतरवावी लागली.

मुदत सरत आली तसा गुरुजींचा विषय सर्वसाधारण सभेपुढे आला. भूसंपादनाला तिजोरीत पैसे नव्हते. मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क घ्या, म्हणजे टीडीआर घ्या, असं नगरपरिषदेनं सुचवलं. गुरुजींनी लेखी उत्तर दिलं की या गावात टीडीआर विकत घ्यायला कुणी नाही, तेव्हा तो मला मान्य नाही.

त्याच सुमारास वॉर्डातल्या आयांनी निवेदन दिलं. गुरुजींचं म्हणणं आम्हाला पटतं, पण आमच्या पोरांनी खेळायचं कुठे, असा त्यांचा सवाल होता. त्या निवेदनावरही पोच होती. साहेबांना उत्तर देणं भाग पडलं. त्यांनी नगररचना विभागाला मंजूर लेआउटमधल्या खुल्या जागांची यादी काढायला सांगितली. मागच्याच वसाहतीतली एक खुली जागा कधीची नगरपरिषदेच्या ताब्यात होती. तिच्यावर बांधकामाचा राडारोडा पडला होता आणि टेम्पो उभे राहत होते. ती जागा मोकळी करून सपाट केली, कुंपण घातलं आणि पोरं तिथे खेळू लागली. मैदानासाठी एक चौरस फूटही नवी जमीन घ्यावी लागली नाही.

चोवीस महिने पूर्ण झाले. आरक्षण संपल्याचा शासनाचा आदेश राजपत्रात येईपर्यंत गुरुजींना आणखी पाठपुरावा करावा लागला. प्रत्येक पत्र लेखी आणि प्रत्येकावर पोच. अखेर परवाना मिळाला आणि घराचा पाया पडला.

अण्णा बांधावर येऊन उभे राहिले. “गुरुजी, तुमचं झालं. माझं काय?”

“तुमची नोटीस आज लिहू. कागद घेऊन घरी या.”

अण्णांची नोटीस दाखल झाली, तिला आवक क्रमांक मिळाला आणि त्यांचे चोवीस महिने त्या दिवसापासून सुरू झाले. शेडमध्ये घातलेले पैसे बुडाले ते बुडालेच, आणि गुरुजींसोबत नोटीस दिली असती तर वाचली असती ती दोन वर्षंही गेली.

तात्पर्य : नियम नागरिकाला बांधतो तसा कार्यालयालाही बांधतो. पण कार्यालयाची मुदत सुरू होण्यासाठी नागरिकाचा लेखी, पोच घेतलेला कागद लागतो. तोंडी आश्वासन आणि टेबलाखालचा पैसा यांची नोंद कुठल्याही रजिस्टरात होत नाही. जमीन अडवून ठेवायची आणि तिचं काहीच करायचं नाही, हा कारभार मालकावर अन्याय करतो आणि ज्यांच्या नावानं आरक्षण टाकलं त्या पोरांवरही. म्हणून तुमच्या गावाचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होईल, तेव्हा नगरपरिषदेत जाऊन नकाशावर आपला गट नंबर शोधा. हरकती आणि सूचनांसाठी साधारण तीस दिवस मिळतात. त्या दिवसांत आपलं म्हणणं लिहून द्या आणि पोच घेऊनच घरी या.